नातवंडांना लोकलने फिरवायचं तर धीमी गाडी धरा

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी घोडचूक केली. पुण्याहून नातवंडं आली होती. थोरला तेव्हा पाच वर्षांचा, धाकटी अडीच. त्यांना मुंबई दाखवायची म्हणून रविवारी अकराला डोंबिवलीहून निघालो. जलद गाडीत उभ्याने गेलो, गेटवे झालं, बोट झाली, आणि संध्याकाळी साडेसहाला व्हीटीहून, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, कल्याण जलद पकडली. दादरला अख्खं मार्केट पिशव्यांसकट आमच्या डब्यात शिरलं. डोंबिवलीला उतरताना नातीच्या पायातली एक चप्पल गाडी आणि प्लॅटफॉर्मच्या मधल्या फटीत गेली. ती झोपेपर्यंत त्या चपलेसाठी रडत होती, आणि आमची ही माझ्याशी बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी थोरल्याला विचारलं, "काय रे, काय आवडलं?" तो म्हणाला, "ती दुसरी गाडी आपल्या गाडीबरोबर पळत होती ना, ते." गेटवेचं नाव नाही, बोटीचं नाव नाही.

मी बँकेत नोकरी केली, डोंबिवली ते व्हीटी, तेहतीस वर्षं. इतक्या वर्षांत लोकल ही बघायची गोष्ट आहे हे माझ्या डोक्यातून पार गेलं होतं. गाडीत बसायला जागा मिळणं आणि गाडीतून बाहेर पडायला जागा मिळणं, एवढंच काय ते डोक्यात. पोराच्या त्या उत्तरानंतर मी पद्धत बदलली. आता लोकल हेच ठिकाण. पुढे कुठे जायचं ते नंतर, आणि नाही गेलो तरी चालतं. आमचा मार्ग मध्य रेल्वेचा, म्हणून उदाहरणं तिथली. विरार-बोरिवलीकडच्यांनी किंवा पुणे-लोणावळा लोकलवाल्यांनी स्टेशनांची नावं तेवढी बदलून घ्यावीत.

वेळ आणि गाडी

रविवार सकाळ. आठच्या आसपास गाडीत बसलेलं असावं. ऑफिसची गर्दी नसते, लग्नामुंजीची आणि खरेदीची गर्दी अजून आंघोळीला गेलेली असते. शनिवार मोकळा असेल असं वाटतं, पण शनिवारी अर्धी मुंबई कामावर असते, त्याच्या नादी लागू नका.

रविवारचा शत्रू म्हणजे मेगाब्लॉक. साधारण अकरा ते चारच्या दरम्यान रुळांची, तारांची कामं काढतात. तो आमच्या कल्याणकडच्या मेन लाइनवर आहे की पनवेलकडच्या हार्बर लाइनवर, कुठून कुठपर्यंत आहे, हे शनिवारच्या पेपरात येतं. ते वाचूनच बेत ठरवायचा. माटुंगा-मुलुंड धीम्या मार्गावर ब्लॉक असला की धीम्या गाड्या जलद मार्गावरून सोडतात आणि त्या विद्याविहार, कांजूरमार्ग, नाहूरला थांबत नाहीत. गाड्या दहा-पंधरा मिनिटं उशिराही धावतात. आपल्याला ती दहा-पंधरा मिनिटं काहीच नसतात, पण "मला शू लागली" म्हणणाऱ्या माणसाला फार असतात. त्यामुळे ब्लॉक असेल त्या रविवारी एकतर तो सुरू व्हायच्या आत परत फिरा, नाहीतर बेत पुढच्या रविवारवर ढकला. ब्लॉक संपल्यावर परतायचा शहाणपणा करू नका. चार वाजता साठलेली सगळी माणसं एकदम बाहेर पडतात.

गाडी धीमी घ्या, आणि जिथून सुटते तिथूनच घ्या. डोंबिवली लोकल म्हणजे डोंबिवलीहूनच सुटणारी. ती रिकामी येऊन उभी राहते, चढायला वेळ मिळतो, खिडकी मिळते. जलदची घाई कशाला? डोंबिवली ते व्हीटी ४८ किलोमीटर. जलद गाडी मुलुंड ते घाटकोपर मधली स्टेशनं नुसती फरफटत मागे टाकते, मुलांना पाटी वाचायलाही मिळत नाही. धीम्या गाडीत दर तीन-चार मिनिटांनी स्टेशन येतं, दोन्हीकडची धरून चोवीस स्टेशनं होतात. नवीन स्टेशन म्हणजे नवीन गंमत, आणि कंटाळा यायच्या आत पुढचं. थोरल्याला मी चोवीस चौकटी आखलेला कागद देतो, तो स्टेशन आलं की एकात फुली मारतो. एवढ्या एका कागदावर सव्वा तास जातो. त्याच्या बापाच्या फोनची गरज पडत नाही.

पहिल्यांदाच नेत असाल तर व्हीटीसुद्धा नको. ठाण्यापर्यंत जा, प्लॅटफॉर्मवर बसून केळं खा, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघा, परत या. ठाण्यात सांगायला गोष्टही आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली गाडी आली ती याच ठाण्याला. चौदा डबे, चारशे पाहुणे, आणि ओढायला एक नाही, तीन इंजिनं: साहिब, सिंध आणि सुलतान. चारशे पाहुण्यांशी मुलांना काही देणंघेणं नसतं. इंजिनांना नावं होती, हे मात्र ती कधी विसरत नाहीत. धाकटी आता प्रत्येक लोकलला नाव विचारते.

तिकीट

पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं. मी स्वतः फोनवर तिकीट काढतो, पण नातवंडांबरोबर असलो की मुद्दाम खिडकीवर रांग लावतो. थोरल्याला स्वतःचं कागदी तिकीट हवं असतं. हातात द्या, फोटो काढा, आणि पाच मिनिटांनी गोडीगुलाबीने परत घेऊन आपल्या खिशात टाका. साध्या तिकिटावर एसी लोकलमध्ये चढू नका, तिचं भाडं वेगळं असतं. तिचे दरवाजे आपोआप बंद होतात, त्यामुळे जिवाला घोर कमी. पण खिडकी उघडत नाही, वारा नाही, आवाज नाही. उन्हाळ्याच्या दुपारी ठीक आहे. मुलांना मात्र ती गाडी न वाटता दवाखाना वाटते.

आजी लेडीज डब्यात आणि आजोबा जनरलमध्ये अशी वाटणी करू नका. लहान मुलगा आजीबरोबर लेडीजमध्ये चालतो हे खरं, पण मुलांना सांभाळायला मोठी दोन माणसं एकाच डब्यात हवीत. आम्ही जनरलमध्येच जातो, पुलाच्या जिन्यापासून लांबचा डबा पकडून. जिन्यासमोरच्या डब्यात सगळं जग चढतं.

पिशवी आणि पायातलं

एकच पिशवी, ती पुढे, पोटावर. चाकाची बॅग नको, बाबागाडी तर अजिबात नको. पूल चढताना ती बाबागाडी तुम्हालाच उचलावी लागते आणि आत बाळ नसतं, कारण ते तोवर तुमच्या कडेवर आलेलं असतं. पाण्याची बाटली, वेलची केळी, तूप-साखरेच्या पोळीच्या गुंडाळ्या, राजगिऱ्याचे लाडू, ओला रुमाल, एक जादा चड्डी आणि दोन प्लास्टिकच्या पिशव्या. चिवडा नको. सांडतो, आणि समोरच्याच्या पँटवर सांडतो.

पायात पट्ट्याचे सँडल किंवा बूट. त्या चपलेनंतर हा आमच्या घरात कायदा आहे. आणि ते रबराचे मऊ, भोकाभोकाचे जोडे सरकत्या जिन्यावर घालू देऊ नका, कडेच्या फटीत ओढले जातात. मुलीच्या घेरदार फ्रॉकचंही तेच. सरकत्या जिन्यावर मूल मध्ये उभं, हात आपल्या हातात.

निघण्यापूर्वी बॉलपेनने मुलाच्या मनगटावर आपला फोन नंबर लिहा. खिशातली चिठ्ठी हरवते, मनगट हरवत नाही. आणि घरीच, गाडीत नव्हे, एक नियम पाठ करून घ्या. "आम्ही गाडीत राहिलो आणि तू प्लॅटफॉर्मवर, तर काय करायचं?" "जिथे आहे तिथेच उभं राहायचं." "तू गाडीत आणि आम्ही प्लॅटफॉर्मवर, तर?" "पुढच्या स्टेशनला उतरायचं आणि तिथेच उभं राहायचं." थोरला हे पाढ्यासारखं म्हणतो. साडेचार वर्षांची धाकटी अजून म्हणू शकत नाही, म्हणून तिचा हात सोडायचा नाही, इतकंच. आपल्या फोनमध्ये १३९ हा रेल्वेचा, १५१२ हा रेल्वे पोलिसांचा आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर असू द्या. मला अजून लागलेले नाहीत.

चढणं

प्लॅटफॉर्मवर पिवळ्या पट्टीच्या मागे, भिंतीकडे. गाडी येईपर्यंत वेळ असतो, तेवढ्यात इंडिकेटर वाचायला शिकवा. आमचा थोरला इंग्रजी मुळाक्षरं अर्धी तिथेच शिकला. के म्हणजे कल्याण, टी म्हणजे ठाणे, ए म्हणजे अंबरनाथ, टीएल म्हणजे टिटवाळा. मग त्याने मला पेचात धरलं: "आजोबा, कर्जतला एस का? आणि कसाऱ्याला एन का?" उत्तर असं की कल्याणला रेल्वेचे दोन फाटे फुटतात. कर्जतकडचा आग्नेयेला, इंग्रजीत साउथ-ईस्ट, म्हणून एस. कसाऱ्याकडचा ईशान्येला, नॉर्थ-ईस्ट, म्हणून एन. हे त्याने पुण्याला शाळेत जाऊन बाईंना सांगितलं म्हणे.

गाडी पूर्ण थांबल्यावरच पुढे व्हा. उतरणारे उतरू देत. आधी मोठ्यांपैकी एकाने आत चढायचं, मग मुलं हातावरून आत, मग दुसऱ्याने. उतरताना उलट: एक मोठा आधी खाली, मुलं उचलून त्याच्या हातात, शेवटी दुसरा. मूल स्वतः उडी मारत नाही, कितीही म्हणालं तरी. फट कुठे बोटभर असते, कुठे वीतभर. गाडी सुटायला लागली आणि तुमचं अर्धं कुटुंब खाली असेल तर धावू नका. चार-आठ मिनिटांत दुसरी येते. हे मी सांगतोय, ज्याने तेहतीस वर्षं ८.१४ साठी जीव टाकला.

खिडकी

मुंबईकडे जाताना उजवी बाजू धरा. सकाळचं ऊन डावीकडून येतं, आणि खाडी उजवीकडे आहे. आता वाऱ्याची खिडकी, म्हणजे गाडीच्या दिशेने तोंड करून बसायची, ती सगळ्यांना प्यारी. मुलांना ती देऊ नका. पुढच्या खिडकीतून कोणीतरी गुटखा थुंकतो आणि त्याचा तुषार मागच्या वाऱ्याच्या खिडकीत येतो. मी हे तोंडावर झेलून शिकलो आहे. मुलांना समोरच्या बाजूला, गाडीच्या दिशेकडे पाठ करून बसवा. वारा कमी, पण दिसतं तेवढंच.

बसवण्याआधी खिडकीची वर चढवलेली काच खटक्यात नीट अडकली आहे का ते हाताने हलवून बघा. सैल काच धाडकन खाली येते आणि मुलांची बोटं चौकटीवरच असतात. गजांतून हात बाहेर नाही, कागद बाहेर नाही, केळ्याचं सालही बाहेर नाही. दरवाज्यात उभं राहायचं नाही हे सांगावं लागू नये, पण आजोबाच हौसेने दरवाज्याजवळ नेतात असं पाहिलंय. मला ओळखणारे माझ्याकडे बघून हसतील, म्हणून कबूल करतो: मीही नेलं होतं, एकदा. आमच्या हिने दंडाला धरून आत ओढलं. नातवाला नव्हे, मला.

गर्दी झाली की मुलांना मांडीवर घ्या. बिनतिकिटाच्या मुलीने खिडकी अडवायची आणि समोर एखादी म्हातारी दांड्याला लोंबकळायची, हे बरं दिसत नाही. तीन जणांच्या बाकावर चौथी सीट द्यायची असते, हेही त्यांना इथेच समजावं. थोरला आता स्वतःहून सरकतो, "चौथी सीट?" असं विचारतो, आणि लोक हसून त्याला खिडकीशी परत ढकलतात.

काय दाखवायचं

मी आधी फार बोलायचो. आता फक्त पुढे काय येणार ते एक स्टेशन आधी सांगतो, आणि गप्प बसतो.

कोपरला डोक्यावरून दिवा-वसईची लाइन जाते, तिचाही वर प्लॅटफॉर्म आहे. दिव्याला कोकणात जाणारे रूळ वेगळे होतात. मुंब्र्याला डावीकडे डोंगर अगदी अंगावर येतो, त्यात उंचावर मुंब्रादेवीचं देऊळ, आणि उजवीकडे खाडी. पावसाळ्यात डोंगरावरून पाणी उतरतं. ही संबंध प्रवासातली सर्वांत सुंदर दहा मिनिटं आहेत, आणि धीम्या गाडीचा पैसा इथेच वसूल होतो. आमच्या लहानपणी जलद लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा आला की अख्खा डबा ओरडायचा, चांगला सव्वा किलोमीटरभर. २०२२ मध्ये नवे मार्ग झाले तेव्हापासून लोकल बाहेरून जातात आणि बोगदा मेल-एक्स्प्रेसना मिळाला. वेळापत्रकाला बरं झालं असेल. नातवंडांना ओरडायला जागा उरली नाही.

कळव्यानंतर खाडीचा पूल. पुलावर गाडीचा आवाज बदलतो, त्यांना डोळे मिटून ओळखायला सांगा. पुढे कुर्ल्यापर्यंत इमारतीच इमारती, तिथे पोळीची गुंडाळी बाहेर काढावी. फेरीवाल्यांची ये-जाही साधारण इथेच: लिंबाच्या गोळ्या, चिक्की, केसांच्या पिना. गाडीत विकायला बंदी आहे, पण मुलांना ती दुकानं चालत आल्यासारखी वाटतात. आम्ही घरूनच प्रत्येकी वीस रुपये ठरवून देतो. संपले की संपले.

माटुंगा गेलं की उजवीकडे डबे दुरुस्तीचं वर्कशॉप, आणि मग दादरच्या आधी पश्चिम रेल्वेचे रूळ अगदी शेजारी येतात. इथे खिडकी सोडू नका. नशिबात असेल तर चर्चगेटची गाडी बरोबरीने धावते, तिच्या खिडकीतलं एखादं पोर हात करतं, आणि मग कोण पुढे जातं यावर डबाभर आरडाओरडा. थोरल्याला आवडलेली ती "दुसरी गाडी" म्हणजे हीच. सँडहर्स्ट रोडला डोक्यावरून हार्बरची गाडी गेली तर तो बोनस.

शू

लोकलमध्ये संडास नाही. हे एक वाक्य बेताच्या सगळ्यात वर लिहून ठेवा. घरून निघताना एकदा, स्टेशनला एकदा, लागो न लागो. पाणी घोट-घोट द्या, बाटलीच तोंडाला लावू देऊ नका. वाटेत लागलीच तर छोट्या स्टेशनावर उतरून शोधाशोध करू नका. ठाणे, दादर अशा मोठ्या ठिकाणी उतरा. सुटे पैसे वरच्या खिशात असू देत. आमच्या धाकटीने एकदा विद्याविहारला जाहीर केलं, कुर्ला-सायनपर्यंत मी तिला गोष्ट सांगितली आणि दादरला उचलून पळालो. पोहोचलो. पण गोष्टीतल्या राक्षसाचं पुढे काय झालं ते मला आजतागायत ती विचारते.

व्हीटीला पोहोचल्यावर

स्टेशनाचं नाव १९९६ ला बदललं, २०१७ ला त्यात 'महाराज' आलं, पण आमच्या तोंडातली व्हीटी जात नाही. उतरायची घाई नको, इथे गाडी संपते. मुलांना रुळाचं टोक दाखवा, जिथे गाडी थांबायचा जाड अडथळा आहे. "पुढे रूळच नाहीत" हे बघून धाकटी अवाक झाली होती. मोटरमन बॅग घेऊन केबिनमधून उतरताना दिसला तर हात करा, बहुतेक जण उलट हात करतात. मग कळतं की आता गाडीचं शेपूट हेच तोंड होणार.

बाहेर येऊन समोरच्या फुटपाथवरून इमारत बघा. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सने बांधलेली, १८८८ ला पूर्ण झालेली, २००४ पासून जागतिक वारसा यादीत. हे तुमच्यासाठी. मुलांना फक्त सांगा, दगडात जनावरं लपलीत, शोधा. फाटकाच्या एका खांबावर सिंह आणि दुसऱ्यावर वाघ बसलाय, तिथून सुरुवात. मोर, माकडं, तोंड वासलेले विचित्र प्राणी... मागच्या खेपेला थोरल्याने एकोणीस मोजले आणि धाकटीने "शंभर". अर्धा तास कसा गेला कळलं नाही, आणि पैसा एक लागला नाही.

इथून लगेच परत फिरा. हे मला शिकायला दोन वर्षं लागली. भायखळ्याची राणीची बाग, तिथले पेंग्विन, सगळं छान आहे, पण तो वेगळा रविवार. मूल अजून ताजं असताना परतीच्या गाडीत बसलं पाहिजे. व्हीटीहून सुटणारी धीमी गाडी निवडा, जागा मिळते.

परतताना मुलुंडच्या आसपास दोघंही झोपतात, न चुकता. झोपू देत. दिवा आलं की मात्र उठवायला लागा, कारण कोपरनंतर डोंबिवली फार पटकन येते. झोपेतलं मूल कडेवर दुप्पट जड होतं, आणि त्याचे सँडल पायात आहेत की बाकाखाली हे उठण्याआधी बघून घ्या.